खेळासाठी पडदा: एका निवडीचा इतिहास

संगणकाच्या दुकानात पडद्याच्या खोक्यावर आज कितीतरी आकडे छापलेले असतात. १४४ हर्ट्झ, २४० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, इतके इंच, तितके पिक्सेल. त्यावर ‘खास खेळांसाठी’ अशी ठळक पट्टी, आणि त्या पट्टीपायी चढलेली किंमत. अकरावी-बारावीची मुले हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात, पालक गोंधळतात, आणि मग प्रश्न विज्ञानाच्या सरांकडे किंवा बाईंकडे येतो: ‘सर, यात खरंच काही असतं, की नुसती जाहिरात?’ प्रश्न कित्येक हजार रुपयांचा असतो आणि शिक्षकाच्या शब्दावर घरातले लोक विसंबणार असतात. तेव्हा ‘अभ्यास करा, खेळ नको’ एवढे सांगून तो टाळता येत नाही.

याचे उत्तर पडद्यांच्या इतिहासात शोधावे असे आम्हांला वाटते. खोक्यावरचा प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी कधीतरी केलेल्या निवडीची खूण आहे. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेक निवडी खेळासाठी केलेल्याच नव्हत्या.

सुरुवात १८९७ साली होते. स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन या भौतिकीच्या प्राध्यापकाने कॅथोड किरणांचा बारीक झोत चुंबकाने वाकवून तो एका प्रतिदीप्त पडद्यावर पाडला. वेगाने बदलणारा विद्युत्प्रवाह डोळ्यांना दिसावा एवढाच त्याचा हेतू होता. पुढे याच नलिकेपासून दोलनदर्शी झाला, रडारचा पडदा झाला आणि दूरचित्रवाणी संचही झाला. ब्राउनला १९०९ साली मार्कोनीबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले, तेही या नलिकेसाठी नव्हे, बिनतारी संदेशवहनासाठी. या नलिकेचा एक गुणधर्म पुढच्या सगळ्या कथेत लागणार आहे, तो आत्ताच लक्षात ठेवू या. इलेक्ट्रॉनचा झोत एका क्षणी एकाच बिंदूवर पडतो. तो बिंदू चमकतो आणि लगेच विझू लागतो. चित्र टिकवायचे तर झोताला पुन्हा पुन्हा त्याच वाटेने फिरवावे लागते.

दोलनदर्शीवरचे टेनिस

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम हा भौतिकशास्त्रज्ञ उपकरण विभागाचा प्रमुख होता. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या इलेक्ट्रॉनिकीचे काम त्याने पाहिले होते, आणि युद्ध संपताच अण्वस्त्रांवर नियंत्रण हवे म्हणून संघटना उभारणाऱ्या शास्त्रज्ञांतही तो पुढे होता. दरवर्षी प्रयोगशाळा पाहायला सामान्य लोक येत. तक्ते आणि बंद यंत्रे पाहून ते कंटाळतात, त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावे, असे त्याला वाटले. (विज्ञान प्रदर्शन भरवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ही अडचण परिचित असेल.) प्रयोगशाळेत एक छोटा अनुरूप संगणक होता. त्याच्या माहितीपुस्तकात बंदुकीच्या गोळीचा, क्षेपणास्त्राचा आणि उसळणाऱ्या चेंडूचा मार्ग कसा काढावा याची मंडले दिली होती. हिगिनबॉथमने चेंडू उचलला. रॉबर्ट ड्वोरॅक या तंत्रज्ञाने मंडल जोडले आणि १८ ऑक्टोबर १९५८ रोजी पाच इंच व्यासाच्या दोलनदर्शीवर लोक टेनिस खेळले. मैदान बाजूने दिसे: एक आडवी रेघ, मध्ये जाळीची छोटी उभी रेघ, आणि वरून परवलयात जाणारा ठिपका. हातातल्या डबीवरची खुंटी फिरवून फटक्याचा कोन ठरवायचा आणि बटण दाबून चेंडू मारायचा. रांगा लागल्या. पुढच्या वर्षी पडदा मोठा आला, आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस खेळले तर चेंडू कसा जाईल, हेही गुरुत्वाकर्षण बदलून पाहण्याची सोय झाली.

आता तंत्राकडे पाहू. झोत एकच, पण वस्तू तीन: मैदान, जाळी आणि चेंडू. तिन्ही एकाच वेळी दिसायला हव्यात. हिगिनबॉथमने त्या काळी नवे असलेले ट्रान्झिस्टर जलद खटक्यांसारखे वापरले आणि झोताला क्षणभर मैदानाकडे, क्षणभर जाळीकडे, क्षणभर चेंडूकडे पाठवले. ही फेरी सेकंदाला ३६ वेळा होई. आजच्या भाषेत बोलायचे तर खेळाच्या त्या पडद्याचा ‘रिफ्रेश दर’ ३६ हर्ट्झ होता. पिक्सेल मात्र एकही नव्हता, कारण चेंडूचा मार्ग सलग बदलणाऱ्या व्होल्टतेने आखला जाई.

हिगिनबॉथमने या खेळाचे पेटंट घेतले नाही. पुढे १९८० च्या दशकात दूरचित्रवाणी-खेळांच्या पेटंटवरून अमेरिकेत कंपन्यांचे खटले झाले, तेव्हा या टेनिसचा दाखला न्यायालयात दिला गेला. ते व्हिडिओ संकेतावर चालत नव्हते, म्हणून न्यायालयाने तो दाखला मान्य केला नाही. पडदा कोणता होता, यावर पहिलेपणाचा निकाल लागला असे म्हणायला हरकत नाही.

मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेला १९६१ मध्ये पीडीपी-१ नावाचा संगणक भेट मिळाला. त्याच्यासोबत गोल पडदा होता: आडवे १०२४ व उभे १०२४ बिंदू, पण एक बिंदू उजळायला ५० मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाला २०,००० बिंदू. विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे: चित्र सेकंदाला २० वेळा काढायचे असेल तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला किती बिंदू येतील? अवघे एक हजार. दहा लाखांहून अधिक जागा, आणि खर्चायला एक हजार ठिपके. म्हणूनच १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी लिहिलेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळात दोन बारीक याने, एक तारा आणि बाकी काळेभोर आकाश आहे. ती कलेतली साधेपणाची आवड नव्हती, ती काटकसर होती. पडद्यावरचा लेप रडारच्या जातीचा, दोन थरांचा होता. एक थर निळसर चमकून लगेच विझे, दुसरा पिवळट हिरवा होऊन रेंगाळे. त्यामुळे यानांच्या मागे आपोआप एक विरत जाणारी शेपटी दिसे. रडारवर विमानाचा माग राहावा म्हणून निवडलेला लेप अंतराळाच्या खेळाला फारच शोभून दिसला. पीटर सॅमसन या विद्यार्थ्याला यदृच्छेने टाकलेले तारे पसंत पडले नाहीत. त्याने विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा खराखुरा तारकापट घातला. तेजस्वी तारा दाखवायचा तर तोच बिंदू अधिक वेळा उजळायचा, अशी त्याची युक्ती होती. खगोलशास्त्र शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

घरातला पडदा

असे पडदे प्रयोगशाळांतच असत. राल्फ बेअर हा दूरचित्रवाणीचा अभियंता. १९६६ साली त्याच्या मनात आले की अमेरिकेत घरोघरी पडदा आहेच, त्याच्यावर खेळ का नसावा? त्यातून १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हा घरगुती खेळ-संच बाजारात आला. त्याला ठिपके आणि एक रेघ एवढेच काढता येई. मैदान, रस्ते, भुताचे घर हे सर्व रंगीत प्लॅस्टिकच्या पारदर्शक तक्त्यांवर छापलेले असे, आणि ते तक्ते संचाच्या काचेवर चिकटवायचे. त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. त्यासाठी ॲलन अल्कॉर्नने दुकानातून साधा कृष्णधवल दूरचित्रवाणी संचच विकत आणला होता.

दूरचित्रवाणी स्वीकारली, पण तिच्याबरोबर तिची शिस्तही स्वीकारावी लागली. दोलनदर्शीवर झोत हवा तसा फिरवता येई. दूरचित्रवाणीत तो वहीतल्या ओळींप्रमाणे डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ठरलेल्या गतीने जातो. ही गती कुणी ठरवली? घरातल्या विजेने! सुरुवातीच्या संचांत वीजपुरवठ्याची घरघर चित्रात काळसर पट्टा होऊन उतरे. चित्राची गती विजेच्या वारंवारतेएवढी ठेवली तर तो पट्टा निदान एका जागी स्थिर राहतो आणि डोळ्यांना कमी खुपतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे पडदा सेकंदाला ६० वेळा झाडला जाऊ लागला. युरोपात आणि आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, म्हणून ५० वेळा. त्यात एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, मिळून सेकंदाला ६२५ ओळींची २५ पूर्ण चित्रे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले ते याच मापाने. पुढे जपानी-अमेरिकी खेळ युरोपात गेले तेव्हा याचा चमत्कारिक परिणाम झाला. खेळाचे घड्याळ म्हणजे पडद्याची फेरी. ६० फेऱ्यांसाठी लिहिलेला खेळ फेरबदल न करता ५० फेऱ्यांच्या संचाला लावला की तो पाचषष्ठांश गतीने चाले. ‘सोनिक’ हा वेगासाठीच प्रसिद्ध असलेला खेळ तिथली मुले सुमारे १७ टक्के संथ खेळत होती, आणि तीच त्याची खरी गती असे समजत होती.

१९७७ सालच्या अटारी २६०० या संचाने या शिस्तीशी जो संसार केला तो थक्क करणारा आहे. त्याची स्मृती अवघी १२८ बाइट होती. आडवे १६० व उभे १९२ ठिपके धरले तर चित्रात ३०,७२० ठिपके होतात. प्रत्येकाला एकच बिट दिला तरी ३,८४० बाइट लागतील, म्हणजे होत्या त्याच्या तीसपट. मग चित्र ठेवायचे कुठे? कुठेच नाही. झोत जिथे असेल तिथली ओळ त्याच क्षणी तयार करायची. एका ओळीला मिळणारा वेळ सुमारे ६४ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रक्रियकाच्या घड्याळाचे ७६ ठोके. खेळाचे बाकी हिशेब, जसे गुण किती झाले, कोण कुणाला आपटले, हे झोत तळाशी पोहोचून परत वर जाईपर्यंतच्या रिकाम्या वेळेत उरकायचे. स्टेशनात गाडी थांबली की फलाटावर उतरून पाणी भरून घेणारा प्रवासी आठवावा.

दुसरे उदाहरण ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे. तोमोहिरो निशिकादो याने १९७८ मध्ये जपानमध्ये हा खेळ केला. पडद्यावर परग्रहावरचे ५५ आक्रमक असतात आणि यंत्राची ताकद अशी बेताची, की पडद्याच्या एका फेरीत एकच आक्रमक हलवला जाई. ५५ जणांचे एक पाऊल पडायला ५५ फेऱ्या, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे ०.९ सेकंद. आक्रमक मरत जातात तशा फेऱ्या कमी लागतात आणि उरलेले वेगाने चालू लागतात. शेवटचा एकटा सेकंदाला ६० पावले टाकतो! खेळणाऱ्याची छाती धडधडवणारी ही चढती गती यंत्राच्या मर्यादेतून जन्मली, आणि निशिकादोने ती तशीच ठेवली. कमी होत जाणारा भाजक समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट जाता जाता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली प्लाझ्मा पडद्याचा शोध लागला, तो संगणकावरून शिकवण्याच्या ‘प्लेटो’ या प्रकल्पासाठी. १९७० च्या दशकात त्याचे ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे नारिंगी पडदे विद्यार्थ्यांपुढे आले. पेटवलेला ठिपका स्वतःच पेटता राहतो, त्यामुळे झोताची धावपळ नाही आणि चित्र अगदी स्थिर. शिक्षणासाठी खास घडवलेल्या या पडद्यावर विद्यार्थ्यांनी काय केले, ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. अनेक जणांनी मिळून खेळायच्या संगणक-खेळांचा पाया तिथे घातला गेला.

तारेवरची कसरत

संगणकाचा स्वतःचा पडदा आला तशी विजेच्या वारंवारतेशी बांधलेली गाठ सैल झाली. आयबीएमने १९८७ मध्ये जी व्हीजीए पद्धत आणली तिच्यात ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा आणि ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चित्र ७० वेळा दिसे. १९९३ सालचा ‘डूम’ हा खेळ सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे काढी. ३५ च का? कारण ३५ दुणे ७०. प्रत्येक चित्र पडद्याच्या बरोबर दोन फेऱ्या राहते आणि हालचाल अडखळत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस खेळणाऱ्यांपुढे पहिल्यांदा खरी निवड आली, आणि ती शुद्ध अंकगणिताची होती. नलिकेतला झोत सेकंदाला किती ओळी आखू शकतो याला मर्यादा असते. समजा ती ९६,००० आहे. १६०० गुणिले १२०० चे बारीक चित्र हवे तर वरखालच्या रिकाम्या ओळी धरून सुमारे १,२५० ओळी लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ चित्रे. तेच १०२४ गुणिले ७६८ वर समाधान मानले तर सुमारे ८०८ ओळी, म्हणजे जवळजवळ ११८ चित्रे. नकाशे आणि पुस्तकांची पाने जुळवणारे पहिला पर्याय घेत, ‘क्वेक’ खेळणारे दुसरा. पडदा तोच. ‘खास खेळांसाठी’ वेगळा डबा घ्यावा लागत नव्हता, एक आकडा बदलला की झाले. आजच्या दुकानातही बारीकपणा आणि वेग यांची हीच ओढाताण आहे, फक्त आता ती नलिकेत नसून चित्र घडवणाऱ्या कार्डात आणि ते वाहून नेणाऱ्या तारेत आहे. ठिपके चौपट झाले की दर चित्रामागचे कामही जवळपास चौपट होते. मोठा पडदा घेऊन कार्ड जुनेच ठेवणारे पुष्कळ जण इथे फसतात.

द्रवस्फटिकांचे आगमन

द्रवस्फटिकांची कथा नलिकेइतकीच जुनी आहे. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर याला १८८८ मध्ये कोलेस्टेरॉलचा एक संयुग दोनदा वितळताना दिसला: १४५.५ अंशांवर तो गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांवर स्वच्छ. मधल्या अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखी दिशाही राखतात. १९७० मध्ये बाझल येथे शाट आणि हेलफ्रिश यांनी पीळ दिलेल्या रेणूंचा पडदा सुचवला. दोन ध्रुवणकारी पट्ट्या एकमेकींशी काटकोनात, मध्ये रेणूंची रांग ९० अंशांनी पिळलेली. प्रकाश पिळाबरोबर वळून बाहेर येतो. विद्युत्दाब दिला की रेणू ताठ उभे राहतात, पीळ जातो आणि प्रकाश अडतो. आपल्या गणकयंत्राच्या आकड्यांवर ध्रुवणकारी काळा चष्मा धरून फिरवला तर ही गोष्ट वर्गात अर्ध्या मिनिटात दाखवता येते.

या कथेत भारताचा एक धागा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तबकडीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवून दिले. (नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर ते हे नव्हेत.) तोवर हे रेणू लांबट काडीसारखेच असतात अशी समजूत होती. पिळाच्या पडद्याचा मोठा दोष म्हणजे बाजूने पाहिले की रंग बिघडतात. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने तबकडी-रेणूंचाच पातळ पापुद्रा करून हा दोष पुष्कळ कमी केला.

खेळणाऱ्यांना मात्र पडद्याचा दुसरा दोष सलत होता. रेणूंना वळायला वेळ लागतो. हा वेळ द्रवाच्या चिकटपणाबरोबर वाढतो आणि थराच्या जाडीच्या वर्गाबरोबर वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ चौथाई! मिलिसेकंदांची सारी स्पर्धा काही मायक्रॉन जाडीच्या या फटीत खेळली गेली. १९८९ च्या ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या खेळात धावणाऱ्या वस्तूमागे राखाडी सावली ओढली जाई. २००० नंतर टेबलावर आलेल्या सपाट पडद्यांना एका छटेतून दुसरीत जायला २५ मिलिसेकंद लागत. ६० हर्ट्झवर एक चित्र टिकते १६.७ मिलिसेकंद. म्हणजे आधीचे चित्र पुसायच्या आत पुढचे हजर. त्यामुळे खेळणारे लोक जड, खोल आणि उष्ण नलिका सोडायला तयार होईनात. सोनीचा २४ इंची रुंद नलिकेचा एक पडदा सुमारे ४० किलो वजनाचा होता. तो नंतरही अनेक वर्षे लोक शोधून शोधून विकत घेत होते.

बाजार मात्र त्यांच्यासाठी थांबला नाही. जागा कमी आणि वीज कमी या दोन कारणांनी कचेऱ्या आणि घरे सपाट पडद्याकडे वळली. हा बदल किती झपाट्याने झाला हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा परदेशांतला उद्योग विकत घेतला. नंतरच्या काही वर्षांतच जगभर नलिकांची मागणी कोसळली.

जुन्या खेळांतली काही साधने या बदलात कायमची मुकी झाली. निन्टेन्डोच्या ‘डक हंट’मधली बंदूक प्रकाश सोडत नसे, ती प्रकाश पाहत असे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीतल्या प्रकाशसंवेदकाला तो त्याच क्षणी दिसला तर नेम बरोबर. सपाट पडदा चित्र थोडे उशिरा दाखवतो. बंदुकीच्या हिशेबी तो क्षण उलटून गेलेला असतो. आजच्या पडद्यावर त्या बंदुकीने एकही बदक पडत नाही.

न हलणारे चित्र, हलणारा डोळा

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. रेणू शून्य वेळात वळले असते तरी सपाट पडद्यावरची हालचाल पुसटच दिसली असती. याचे कारण डोळ्यात आहे.

नलिकेवर ठिपका क्षणभर चमकतो आणि विझतो. सपाट पडद्यावर तो पुढचे चित्र येईपर्यंत जागच्या जागी तेवत राहतो. आपली नजर मात्र धावत्या वस्तूचा सलग पाठलाग करत असते. समजा एखादी वस्तू सेकंदाला ९६० ठिपके सरकते आहे. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र १/६० सेकंद स्थिर राहते. तेवढ्यात नजर १६ ठिपके पुढे गेली, म्हणून ते स्थिर चित्र दृष्टिपटलावर १६ ठिपके फरफटले. १२० हर्ट्झवर हीच फरफट ८ ठिपके, २४० वर ४. प्रकाश एक मिलिसेकंदच दाखवून बाकी वेळ अंधार ठेवला तर जेमतेम एक ठिपका. मोबाइलवरचा मजकूर हळूहळू सरकवत विद्यार्थ्यांना तो वाचायला सांगावे. अक्षरे पुसट होतात आणि बोट थांबताच स्वच्छ दिसतात. ज्यांचे मोबाइल १२० हर्ट्झचे आहेत त्यांना फरक कमी जाणवेल. अशी दोन यंत्रे शेजारी ठेवली की वर्गाला वेगळे सांगावे लागत नाही.

१२० हर्ट्झचे सपाट पडदे आले तेही फरफट कमी करण्यासाठी नव्हे. २००९ मध्ये त्रिमितीय चष्म्यांची लाट होती. डाव्या आणि उजव्या डोळ्याला आळीपाळीने चित्र दाखवायचे तर प्रत्येकी ६० साठी १२० हवेत. २२ इंची असे पडदे त्या वर्षी बाजारात आले. लोकांनी लवकरच चष्मे खणात टाकले आणि १२० हर्ट्झ ठेवून घेतले! पुढे त्याच चष्म्यांसाठी केलेली मागचा दिवा मिटमिटवण्याची सोयही खेळणाऱ्यांनी चष्म्याविना वापरायला सुरुवात केली.

एक गाठ अजून उरली होती. सपाट पडद्यात झोत नाही, वीजपुरवठ्याची घरघर नाही, तरी चित्र ठरावीक गतीनेच बदलत होते. संगणकाला मात्र एक चित्र घडवायला कधी १० मिलिसेकंद लागतात, कधी २०. चित्र तयार होताच पाठवले तर पडद्यावर वरचा भाग जुना आणि खालचा नवा असे ‘फाटलेले’ चित्र दिसते. फेरी संपेपर्यंत थांबवले तर १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागलेले चित्र थेट पुढच्या फेरीला जाते, आणि खेळ ६० वरून एकदम ३० वर येतो. शेवटची एसटी अर्ध्या मिनिटाने चुकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावायला नको. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडिया कंपनीने उलट मार्ग दाखवला: पडद्यानेच चित्राची वाट पाहावी. पुढच्या वर्षी एएमडी कंपनीने असेच तंत्र दाखवले आणि ते सर्वांना खुल्या मानकातही आले. विजेच्या तारांतून १९३० च्या दशकाच्या आसपास दूरचित्रवाणीत शिरलेली ती ठरावीक फेरी अशी सुमारे ऐंशी वर्षांनी सुटली. आमच्या मते गेल्या वीस वर्षांतली खेळांच्या पडद्यांतली सर्वांत मोलाची सुधारणा हीच, आणि आता ती महागड्या पडद्यांपुरती राहिलेली नाही.

आता दुकानातल्या खोक्याकडे पाहू. ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा बहुधा सोयीच्या दोन करड्या छटांमधला असतो, आणि रेणूंना जादा विद्युत्दाबाचा धक्का देऊन मिळवलेला असतो. धक्का फार झाला की रेणू मर्यादा ओलांडतात आणि वस्तूमागे उलट रंगाची सावली दिसते. या आकड्यावर पैसे मोजू नयेत. हर्ट्झचा आकडा त्या मानाने खरा, पण तो वाचताना व्यस्त घ्यावा. ६० वरून १२० वर गेल्यास दर चित्रामागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ४८० वर गेल्यास २.१. आकडा दोन्ही वेळा दुप्पट होतो, पण किमतीतली उडी आणि मिळकतीतली उडी यांचे नाते उलटे आहे. माणसाचा स्वतःचा वेळ किती, हेही मोजता येते. पट्टी वरून सोडायची आणि दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर घसरली तर वेळ सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद. त्यात दोन मिलिसेकंदांनी काय होते? स्पर्धेत दोघांचे २०० सारखेच असतील तर होते. रविवारी दुपारी भावंडांबरोबर मोटारींची शर्यत खेळणाऱ्याला होत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्याला ६० हर्ट्झही उदंड आहेत. आम्हांला विचाराल तर १२० ते १४४ हर्ट्झ, चित्राची वाट पाहणारा पडदा आणि बाजूने रंग न बिघडणारी जात, एवढे पाहावे. उरलेले पैसे बसायच्या बऱ्या खुर्चीवर घालावेत.

२०२२ पासून टेबलावरच्या पडद्यांत सेंद्रिय प्रकाशदायी द्रव्यांची जात आली आहे. टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत दाखवलेल्या दिव्याचे हे वंशज. त्यात रेणू वळवायचे नसतात, ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो, मिलिसेकंदाच्याही अंशात. पण फार काळ तेच चित्र राहिले तर त्याचा डाग पडद्यावर बसू शकतो, जसा एके काळी ‘पॅक-मॅन’च्या यंत्रांच्या काचेत त्याच्या चक्रव्यूहाचा ठसा कायमचा उतरत असे. फरफट मात्र याही पडद्यावर राहते, कारण तोही चित्र धरून ठेवतो. म्हणून २०२४ च्या अखेरीस काही हौशी अभियंत्यांनी एक आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. समजा पडदा ४८० हर्ट्झचा आणि जुना खेळ ६० हर्ट्झचा आहे. मग खेळाच्या प्रत्येक चित्राच्या वाट्याला पडद्याच्या आठ फेऱ्या येतात. ही आज्ञावली चित्राच्या वरपासून खालपर्यंत आठ पट्ट्या करते, प्रत्येक फेरीत एकच पट्टी उजळते, आणि आधीची पट्टी फॉस्फरच्या लेपासारखी विझत जाऊ देते.